हिनकलच्या बाईंचा कॅमेरा

आमच्या घरात दिवसभर जे आवाज असत, त्यांत एक आवाज अप्पांचा पाय कशाला तरी लागल्याचा असे. कधी मोरीतली बादली, कधी पाट, कधी आईने दाराशी ठेवलेला दुधाचा लोटा. घर म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत होतं. एकामागे एक तीन खोल्या, मधून सरळ वाट आणि शेवटी जरासं परसदार. पुढच्या दारातून पत्रे ठोकणाऱ्यांची ठोकठोक आणि टांग्यासारख्या जटक्यांच्या घोड्यांच्या टापा आत येत, मागच्या दारातून शेजारच्या सरोजम्मांचा रेडिओ. या सगळ्यात बादली कलंडली की आई स्वयंपाकघरातून न बघताच म्हणे, "झालं! मोहरीएवढं अक्षर दिसतंय तुम्हाला, आणि एवढी थोरली बादली दिसत नाही?" अप्पा ओला पायजमा झटकत म्हणत, "लक्ष नव्हतं गं." "लक्ष कधी असतंय?" असं आई म्हणे, आणि फोडणीचा चर्र आवाज होऊन तो विषय संपे. हे इतक्यांदा झालेलं होतं की आम्हा दोघी बहिणींना त्याचं हसूही येईनासं झालं होतं.

मोहरीएवढं अक्षर मात्र खरं होतं. अप्पा सरकारी कचेरीत नकाशे काढत. ट्रेसिंगच्या कापडावर बारीक निबाने नद्या, ओढे, तालुक्यांच्या हद्दी आणि गावांची नावं. त्यांची अक्षरं पाहायला दुसऱ्या खात्यातली माणसं येत. एच. डी. कोटे तालुक्याच्या शीट्स कित्येक वर्षं त्यांच्याच टेबलावर होत्या. त्या भागातला ओढा न् ओढा त्यांना पाठ होता, पण तिथे ते स्वतः कधी गेलेले नव्हते. कचेरी सुटली की ते भराभर चालत येत आणि दिवे लागायच्या आत घरात असत. नंतर कुणी लग्नाला बोलवो, देवळात बोलवो, "आज साकु, पुरे झालं," असं निम्म्या कन्नडात म्हणून ते टाळत. रस्त्यात कुणी बाजूने नमस्कार केला तर तसेच पुढे निघून जात. त्यामुळे आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून त्यांना 'मोठे साहेब' असं नाव पडलं होतं आणि ते कौतुकाने दिलेलं नव्हतं.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणतात. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली आणि तीही घरापुरती, निम्मी कन्नडात भिजलेली. पुण्यात वाढलेली माझी नात आता फोनवर विचारते, "आजी, तू हे मराठीत बोलतेयस की कन्नडमध्ये?" मी तिला सांगते, मी म्हैसूरमध्ये बोलतेय.

बी.एस्सी. झाल्यावर मी केंपण्णांच्या फोटो स्टुडिओत लागले. मुलीने तिथे काम करणं तेव्हा नवीनच होतं, पण काम आतल्या खोलीत बसून करायचं होतं, म्हणून घरून हरकत आली नाही. काम टचिंगचं. खिडकीपाशी तिरपी काच, तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं नाहीशी करायची. केंपण्णांचा कॅमेरा म्हणजे लाकडी कपाटच. तो स्टुडिओच्या बाहेर पडणं शक्य नव्हतं. आणि मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांतल्या बायका स्टुडिओत येणं शक्य नव्हतं. हे दोन्ही जुळवायचं केंपण्णांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. एके दिवशी ते म्हणाले, "नोडम्मा, हे बघ, तू घरोघर जाऊन बायकांचे फोटो काढ. तुला कोणी अडवणार नाही. पण कॅमेरा मोठ्या फिल्मचा पाहिजे. त्या लहान फिल्मवर चेहरा एवढासा येतो, त्यावर पेन्सिल कुठे लावायची? आणि लेन्स लांबची घे. चेहऱ्याला लांबची लेन्सच लागते. जवळून काढलं की नाक बटाट्यासारखं येतं."

मोठ्या फिल्मचा कॅमेरा म्हणजे कागदात गुंडाळलेल्या रुंद रोलचा, ज्यावर तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी चौकोनी निगेटिव्ह उमटते. असा कॅमेरा मी पाहिला होता तो एकाच माणसाकडे, आमच्या बॉटनीच्या शारदम्मा मॅडमकडे. कॉलेजच्या सहलींमध्ये त्या पोटाशी तो पेटीसारखा कॅमेरा धरून, मान खाली घालून उभ्या राहायच्या. मुलं म्हणायची, मॅडम पोटाने फोटो काढतात. त्या आता निवृत्त होऊन हिनकलला राहत होत्या आणि गुडघे गेल्यामुळे कॅमेरे विकून टाकणार होत्या, असं मला मैत्रिणीकडून कळलं. घरी विषय काढला तेव्हा अप्पा म्हणाले, "डब्यासाठी एवढा खर्च?" आईने माझ्या लग्नासाठी म्हणून काही सोनं बाजूला ठेवलेलं होतं. तिने त्यातलंच मोडायचं ठरवलं आणि कुणालाही बोलू दिलं नाही. "लग्न होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "तिच्या हातात तिचं असं काहीतरी असू दे." माझ्या आईने सातवीनंतर शाळा पाहिलेली नव्हती. तिच्या मनात हे कधीपासून होतं, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

हिनकल तेव्हा शहराबाहेर होतं. हुणसूर रस्त्यावर बसमधून उतरलं की दोन्ही बाजूंना रागीची शेतं, मध्येच एखादं नवं घर. आज तिथे मला माझी दिशा कळत नाही, इतक्या इमारती झाल्या आहेत. शारदम्मांनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि आधी खायला बसवलं. अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या वालांचे, दिवस होते. ताजे सोललेले दाणे घातलेलं उप्पिट्टू आणि वर खोबरं. खाऊन होईपर्यंत त्या कॅमेऱ्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. मग त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. आत बुरशी लागू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये, मऊ कापडात गुंडाळलेले, दोन कॅमेरे.

पहिला एकावर एक दोन डोळ्यांचा होता. वरच्या डोळ्याने बघायचं, खालच्याने फोटो. हलका, गुपचूप, बटण दाबलं तरी शेजारच्याला कळणार नाही असा. पण त्याचे डोळे बदलता येत नव्हते. जे आहे ते कायमचं. दुसरा चौकोनी, जड, एकाच डोळ्याचा, आणि तो डोळा मात्र काढून दुसरा लावता येई. त्याच्यासोबत तीन लेन्स होत्या: एक मधली, एक लांबची, चेहऱ्यांसाठी, आणि एक वाइड, जवळूनही पुष्कळ काही मावणारी. वाइड लेन्सची पुढची काच फुगीर होती, मोठ्या थेंबासारखी. त्यांनी त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं झाकण उचललं, तर चारी बाजूंनी पत्र्याच्या पाकळ्या उभ्या राहिल्या आणि तळाशी दुधी काच उजळली. मी वाकून पाहिलं. खिडकी, खिडकीतलं शेवग्याचं झाड, झाडावरचा कावळा, सगळं त्या एवढ्याशा चौकोनात, रंगासकट, हलणारं. मी पुष्कळ फोटो पाहिले होते, पण हे तसं नव्हतं. माझ्या तोंडून "अय्यो" निघालं आणि शारदम्मा हसल्या.

मी म्हटलं, मला हाच पाहिजे, पण सोबत एकच लेन्स घेता येईल. केंपण्णा लांबची म्हणतात. शारदम्मांनी विचारलं, "केंपण्णांचं राहू दे. निनगे एनु नोडबेकु? तुला काय बघायचंय?" मी लाजून म्हटलं, चेहरे. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. "पुढच्या आदितवारानंतर माझा भाचा बेंगळूरहून येतोय. उरलेलं सगळं तो नेणार. तोवर हा कॅमेरा आणि लांबची नि वाइड, या दोन लेन्स घरी ने. रोज वापर. मग येऊन सांग." एवढी किमती वस्तू त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती पिशवीत घालून दिली. बसमध्ये मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि दर खड्ड्याला ती दोन्ही हातांनी उचलून धरत होते.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराला त्या कॅमेऱ्याने पछाडलं. मी लांबची लेन्स लावून आईचे फोटो काढले, धाकट्या मंजूचे काढले, सरोजम्मांचे काढले. त्या लेन्समध्ये चेहरा काचेवर भरून येई. मागचं सगळं विरघळून जाई. आईच्या नाकातली चमकी, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. फार सुंदर. वाइड लेन्स मी केवळ दिली आहे म्हणून वापरली. घर लहान, मागे सरकायला जागा नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिले तरी लांबच्या लेन्समध्ये एक माणूस मावे, आणि वाइडमध्ये खोलीच्या खोली येई. आई पोळ्या लाटतेय, मंजू आरशासमोर, दारातून अप्पा येतायत, असं काहीबाही मी त्यात काढून ठेवलं. मला स्वतःला त्यात गचाळपणा वाटला. इतकी भांडी, इतके कपडे, दोरी, कॅलेंडरं.

दोन्ही रोल मी स्टुडिओत धुतले. लांबच्या लेन्सचे चेहरे पाहून केंपण्णा खूश झाले. "बघ, पेन्सिल कशी बसेल यावर!" मग मी वाइडच्या निगेटिव्हचे छोटे प्रिंट काढले आणि खिडकीपाशी एकामागून एक बघत गेले. एका फोटोत अप्पा मधल्या दारातून येत होते आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं भिंतीला टेकलेली होती. दुसऱ्यात ते परसात निघाले होते, बोटं भिंतीला. तिसऱ्यात ते नुसते उभे होते, आईशी बोलत, तरी हात चौकटीवर. आणि भिंतीवर, त्यांच्या कमरेच्या जरा वर, एक मळकट पट्टा होता, तिन्ही खोल्यांतून सरळ गेलेला. त्या घरात मी जन्मल्यापासून राहत होते. तो पट्टा मी रोज पाहत असणार. पण तो फोटोत दिसेपर्यंत मला दिसला नव्हता.

घरी येऊन ते प्रिंट मी पिशवीच्या तळाशी ठेवून दिले. बारीक अक्षर लिहिणारा माणूस आंधळा कसा असेल?

आदितवारी सकाळी सगळे परसात होते. डोक्यावरून न्हाणं झालेलं, ऊन चांगलं तापलेलं. आई जुन्या धोतरावर वाळवणाचे संडिगे घालत होती, मंजू केस वाळवत बसली होती आणि सरोजम्मा कुंपणाच्या भिंतीवरून आईला सांगत होत्या की पीठ पातळ झालंय. अप्पा कपडे धुण्याच्या दगडावर बसले होते. मी वाइड लेन्स लावली, पाकळ्या उघडल्या आणि कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "अप्पा, बघा की यात. सुम्ने, नुसतं बघा."

त्यांनी मान खाली घातली. कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, थोडा वळवला, आणि परत जिथे होता तिथे आणला. "पुट्टी," ते म्हणाले, मला ते पुट्टी म्हणत, "यात सगळेच आहेत की गं."

"आहेतच की," मंजू म्हणाली, "आम्ही कुठे जाणार?"

"नाही, एकदम आहेत. ही तुझी आई. ही तू, मंजू. त्या सरोजम्मा भिंतीवर. आणि नारळ, आणि वरची तार, आणि... ते काय, कावळा बसलाय तारेवर?" त्यांनी मान वर केली, तारेकडे पाहिलं, कावळा शोधू लागले, तो त्यांना सापडेना. पुन्हा खाली पाहिलं. "आहे. बसलाय." आणि त्यांनी मंजूच्या दिशेने हात पुढे केला, पण चुकीच्या बाजूला, कारण त्या काचेवर डावं उजवीकडे दिसतं.

आईचा हात संडिग्यावर थांबला. "म्हणजे काय? एरवी आम्ही दिसत नाही तुम्हाला?"

"दिसता की. एकेक. तुझ्याकडे बघितलं की तू दिसतीस. मंजूकडे बघितलं की मंजू." ते हे अगदी साधेपणाने सांगत होते, जणू प्रत्येकाचं असंच असतं. "सगळ्यांचं एकदम कसं दिसणार? मान फिरवावी लागते."

सरोजम्मांनी रेडिओ बंद केला. आई उठली, पिठाच्या हातांनीच त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी कानाशी, आणि म्हणाली, "आता मी कुठे आहे?" अप्पा समोर बघत म्हणाले, "संडिग्यांपाशी." मग आवाज बाजूने आला हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मान वळवली. आई रडत होती. एवढ्या वर्षांच्या बादल्या आणि लोटे तिला एकदम आठवले असणार. अप्पांना मात्र ती का रडते तेच कळेना. ते पुन्हा काचेत बघू लागले. संडिगे वाळेपर्यंत त्यांनी कॅमेरा सोडला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी आणि आई त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी भिंतीवर काळं कापड लावलं, अप्पांना एका डोळ्यावर हात ठेवून समोर बसवलं आणि पांढऱ्या टोकाची काठी कडेकडून मध्ये आणत विचारत राहिले, आता दिसतंय? आता? जिथे दिसे तिथे खूण. शेवटी त्या खुणा जोडून कागदावर उतरवल्या तर मध्ये एक छोटंसं वाटोळं बेट झालं आणि भोवती सगळं काळं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, कडेकडून नजर मिटत येते, रात्रीचं आधी जातं. मधलं अजून उत्तम आहे, म्हणून अक्षर लिहिता येतं. औषध नाही. किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. आई पदराची गाठ मारत आणि सोडत होती. अप्पांनी तो कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "याचं स्केल काय आहे?" डॉक्टर गोंधळले. त्यांनी समजावून सांगितल्यावर अप्पांनी मान डोलावली आणि म्हणाले, "रेघ स्वच्छ काढलीय." हा आजार घराण्यात उतरतो म्हणून नंतर आम्हा बहिणींचेही डोळे तपासले, आम्ही दोघी वाचलो.

कॅमेऱ्याचं सांगायला हिनकलला जायचं तर अप्पा म्हणाले, मीही येतो. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि मी त्यांचा हात धरला; त्यांनी तो काढून घेतला नाही. शारदम्मांच्या ओट्यावर बसल्याबरोबर, मी काही बोलायच्या आत, अप्पांनी कन्नडमध्ये सांगून टाकलं, "मॅडम, हिला लांबची लेन्स द्या. पोटापाण्याचं काम आहे. स्टुडिओवाल्यांनी तसंच सांगितलंय."

शारदम्मांनी माझ्याकडे पाहिलं. "एनु नोडबेकु अंत गोत्तायता?" काय बघायचं ते कळलं का?

मी म्हटलं, "वाइड."

अप्पा मराठीवर आले. घरची भाषा परक्या घरात बोलायची त्यांना सवय नव्हती, पण तेव्हा बोलले. "माझ्यासाठी घेऊ नको हं पुट्टी. मी बघितलं. एकदा बघितलं की झालं. माझे डोळे आज आहेत, उद्या नाहीत. तुला जन्मभर काम करायचंय."

त्या वेळी मी जे बोलले ते फार विचार करून बोलले नव्हते, पण आज इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे घालवल्यावरही मला त्यात बदल करावासा वाटत नाही. मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही असं मी म्हणणार नाही, अप्पा. पण लांबच्या लेन्समधून मला आधीच ठाऊक असलेलं दिसतंय. आईचा चेहरा मला ठाऊक आहे. या लेन्समधून तुमचा हात दिसला. तो मला ठाऊक नव्हता."

"कुठला हात?" अप्पांनी विचारलं. मी पिशवीतून प्रिंट काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन इंच इंच तपासला, दारावरून भिंतीवर, भिंतीवरून स्वतःच्या बोटांवर. मग तो शारदम्मांकडे दिला. शारदम्मा तो घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाइड लेन्सचं मूळचं चामड्याचं डबडं होतं. "हे वापरत नव्हते मी," त्या म्हणाल्या, "पट्टा तेवढा बदलून घे."

केंपण्णांना मी सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. वाइडमधला नमुना पाहून म्हणाले, "यात चेहरा कुठाय? मी पेन्सिल कुठे लावू?" घरोघर जायची योजना बारगळली आणि मी परत काचेपाशी बसून पुटकुळ्या पुसू लागले. पुष्कळ दिवस मला वाटत राहिलं की आईचं मोडलेलं सोनं मी हट्टापायी वाया घालवलं. कुणी पाहुणे आले आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला की आई उठून आत जाई.

माझं स्वतःचं पहिलं काम आलं ते मोहल्ल्यातल्या फातिमाबींचं. त्यांचा मुलगा आखातात होता, त्याला आईचा फोटो हवा होता, आणि त्या उंबरठा ओलांडून स्टुडिओत जाणार नव्हत्या. मी गेले. त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून ताठ बसल्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्यांनी वैतागून चुलीवर चहा ठेवला आणि मी कोपऱ्यात पाठ टेकवून त्यांचा फोटो घेतला: त्या, चूल, वरची डब्यांची फळी, दोरीवरची चादर, दारातली शेळी. प्रिंट नेऊन दिला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता परत करतील. "मेरा मुँह तो इत्तासा आया," त्या म्हणाल्या, "पन घर पूरा आ गया." आणि अजून दोन प्रती मागितल्या. मग त्यांच्या जावेने बोलावलं, मग जावेच्या बहिणीने. सगळ्यांना आवडत असे असं नाही. एकीने सांगितलं, माझ्या घरातली कळकट भिंत जगाला कशाला दाखवतेस, आणि प्रिंट घेतला नाही. तिचं काही चूक नव्हतं. पण माझं आयुष्यभराचं काम त्या स्वयंपाकघरांमध्येच सुरू झालं. पुढे लांबची लेन्सही घेतली. ती बहुतेक कपाटातच असते.

अप्पांनी कचेरीत स्वतःहून सांगितलं आणि नकाशे सोडून दुसरं काम मागून घेतलं. अक्षर अजून येत होतं, पण रेघ कुठे सुरू झाली ते शोधायला वेळ लागू लागला होता. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट मागितली. कोटेकडचं काबिनीचं धरण भरलेलं बघायचं होतं. इतकी वर्षं ज्याच्या शीट्स काढल्या ते एकदा तरी खरं कसं दिसतं ते. सुट्टीच्या दिवशी आई, मंजू, मी आणि ते पहाटेच निघालो. आईने पुळियोगरेचे, म्हणजे चिंचेच्या भाताचे, आणि दहीभाताचे डबे बांधले होते. एच. डी. कोटेला बस बदलली आणि दुपारी पाण्याच्या काठी उतरलो. पाणी समोर पसरलेलं, पलीकडे जंगलाची काळी रेघ, मध्येच वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले. अप्पा नुसत्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न करत होते. मान डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, तुकड्या-तुकड्याने. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी कॅमेरा दिला.

ते काठावरच्या दगडावर बसले आणि त्यांनी मान खाली घातली. मी शेजारी वाकून म्हटलं, डावं उजवं उलटं दिसेल. "माहीत आहे," ते म्हणाले, "ट्रेसिंग मागून बघितल्यासारखं." मी हळूच हात घालून बटण दाबलं. त्या कॅमेऱ्याची रीत अशी की बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि पुढची फिल्म फिरवेपर्यंत काच काळी होते. अप्पा दचकले. "गेलं. कुठे गेलं?" मी घाईने चावी फिरवली. पाणी परत आलं. त्यांनी माझा हात धरला. "परत दाबू नको. राहू दे असंच."

मग ते बोलू लागले. धरण होण्याआधीच्या शीटवर या पाण्याच्या जागी गावं होती. नवी शीट करायची तेव्हा जुन्या ट्रेसिंगवरची ती नावं ब्लेडने खरवडून काढायचं काम अप्पांकडेच आलं होतं. शाई अशी काढायची की कापड फाटता कामा नये आणि वर निळा रंग सारखा बसला पाहिजे. हे त्यांनी आम्हाला घरी कधीच सांगितलं नव्हतं. आता ते काचेवर नखाने, न टेकवता, एकेक जागा दाखवत होते. इथे ओढा वळायचा. इथे देऊळ, खुणेसकट. ही वाट बाजाराला जायची. आणि प्रत्येक जागेशी एक नाव, कन्नडमध्ये, हळू, जसं ते लिहिताना पुटपुटत असतील तसं. मंजू ऐकत ऐकत त्यांच्या पाठीला टेकून बसली. त्या दिवसाचा माझ्याकडे तो एकच फोटो आहे आणि त्यात नुसतं पाणी आहे.

ऊन कलायला लागलं. वर रस्त्यावर परतीची बस येऊन उभी राहिली आणि कंडक्टरने हाका मारायला सुरुवात केली. आईने डबे पिशवीत भरले. "चला हो," ती म्हणाली, "अंधार झाला की तुम्हाला उतरताना त्रास होईल."

"त्याला थांब म्हणावं," अप्पा मान न उचलता म्हणाले, "एक गाव राहिलंय."

आईने पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि चढ चढत बस थांबवायला धावली.